उद्या बोलणाऱ्या जावा

आमच्या दाजींना पडकं घर बांधता येत नसे. म्हणजे येत असे, पण आधी ते धडधाकट बांधायचं, नांदतं करायचं आणि मगच पाडायचं, अशी त्यांची रीत. संग्रहालयांसाठी लहान लहान प्रतिकृती बनवणारा हा माणूस. फुटकं मडकं हवं असेल तर आधी सबंध मडकं करी, काही दिवस त्यातलं पाणी पिई आणि मग हातातून सोडून देई. एकदा पडक्या किल्ल्याची मागणी आली. दाजींनी चिऱ्याला चिरा लावून बुरूज उभा केला आणि बोटभर तोफ घडवून त्यावर डागली. गोळा वाटाण्याएवढा, पण बुरूज फोडून, खिडकीतून निघून तो समोरच्या निवृत्त फौजदाराच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडून गेला. फौजदार पुढे महिनाभर त्या भोकाखालीच आंघोळ करत होता, सोयीचं झालं म्हणत होता. खोटं वाटत असेल तर टाकी अजून आहे. मला सगळे लोणकढे म्हणतात, म्हणून प्रत्येक वेळी लोणकढीच असते असं नाही.

दाजींचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबोडकी खोली. एका टोकाला दाजींचं टेबल, दुसऱ्या टोकाला माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं शिवणयंत्र आणि मधे दाजींच्या हाताखालच्या रंगाऱ्याचे डबे. मी आक्काकडे चार दिवस म्हणून राहायला आलो होतो, त्याला बरीच वर्षं झाली होती. तर एका सकाळी संग्रहालयाच्या संचालक बाई तिथे आल्या आणि रंगाऱ्याने नुकताच हिरवा हात दिलेल्या स्टुलावर बसल्या. ते सांगायचा धीर आमच्यापैकी कुणाला झाला नाही.

"अणुबॉम्बचं प्रदर्शन भरवतोय," बाई म्हणाल्या. "जिथे तो पडला तिथून फोटो येतायत. वितळलेल्या बाटल्या, भांडी येतायत. ते सगळं भिंतींवर आणि कपाटांत. पण दालनाच्या मधोमध मला एक गल्ली हवी. जळून गेलेली."

"कुठल्या गावची?" दाजींनी विचारलं.

"कुठल्याच नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे, ही तर आपलीच."

"आधी कशी होती ती?"

"आधीचं कशाला, मिस्त्री? आधीचं कुणी बघणार नाहीये. पुठ्ठा फाडा, काळा रंग मारा, वर राख भुरभुरा, झालं."

रंगाऱ्याने खुशीत काळ्याचा डबा पुढे ओढला. दाजींनी तो पायानेच मागे सारला.

"काय होतं ते मलाच ठाऊक नसेल, तर काय गेलं ते मी कसं दाखवू? गल्ली बांधतो. मग तुमच्या अंगणात आणून जाळतो."

बाईंनी बराच वाद घातला आणि शेवटी त्या हरून, पाठीमागे हिरवा पट्टा घेऊन निघून गेल्या.

दाजी कामाला लागले. पुठ्ठा, काड्या, प्लास्टर, सरस. आठवड्यात दोन ओळी घरं उभी राहिली, मधे फरसबंद गल्ली. आणि मग ते टेबलासमोर येरझारा घालायला लागले. जेवायला बोलावलं तर ताटावरून उठून पुन्हा टेबलाशी. पटाशीला इतक्या वेळा धार लावली की तिचा दाभण व्हायची वेळ आली.

"काय खटकतंय?" आक्काने विचारलं.

"खोकी दिसतायत. एकासारखं एक. ही गल्ली नाही, गोदाम आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मेहुणे, रोज उठून जगाला थापा मारता, आज जरा कामाच्या मारा. या कोपऱ्यातल्या घरात कोण राहतं? ते कळल्याशिवाय मला खिडकी कुठे काढायची ते कळत नाही."

आता मला कुणी विचारावं आणि मी गप्प बसावं, असं माझ्या जन्मात झालेलं नाही.

"तिथे निवृत्त मास्तर," मी म्हटलं. "रोज सज्ज्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चालण्यातल्या चुका काढतात. एक माणूस त्यांना भिऊन गेली कित्येक वर्षं मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी जातो."

दाजींनी सज्जा काढला. मागची भिंत उडी मारणाऱ्याच्या बेताने बुटकी केली.

"आणि शेजारी?"

"शेजारी दाराला कुठला रंग द्यावा हे न ठरलेला गृहस्थ. रोज एक रंग देतो, रोज खरवडतो. दार आता पापडाएवढं पातळ उरलंय. चोर येऊन नुसता खोकला तरी उघडेल."

रंगाऱ्याला हा माणूस फार आवडला. त्याने ते नखाएवढं दार इतक्या रंगांत रंगवून इतक्यांदा खरवडलं की खरोखरच ते पापडासारखं झालं. आणि मग आक्काने यंत्र थांबवून विचारलं, "घरं आहेत तर माणसं नकोत?"

"छपरं बसल्यावर दिसणार कुणाला?" दाजी म्हणाले.

"तुमच्या घरात मी कुणाला दिसते? म्हणून नसते का?"

दाजींनी पटाशी उचलली. ते मऊ लाकडातून बोटाच्या पेराएवढी माणसं कोरून द्यायला लागले आणि आक्का चिंध्यांतून त्यांचे कपडे शिवायला लागली. मी नुसता बोलत होतो. बहिरा घड्याळजी झाला, ज्याच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ सांगतात आणि गिऱ्हाईक आपल्याला सोयीची बघून घरी जातं. घोरण्यावर उपाय सांगणारी बाई झाली, जिच्या स्वतःच्या घोरण्याने समोरच्या घराच्या कड्या निघतात.

आणि मग त्या दोन जावा झाल्या.

गल्लीच्या मध्यावर दोन घरं शेजारी शेजारी होती, मधे एकच भिंत. मी सांगितलं की इकडे थोरली जाऊ, तिकडे धाकटी. सासू गेली आणि तिच्या आरशावरून दोघींचं बिनसलं. थोरली म्हणते मला दिला होता, धाकटी म्हणते मला. कुणीच मागे हटेना, तेव्हा गल्लीने आरसा काढून दोन दारांच्या मधे बाहेर टांगला. आता सगळी गल्ली त्यात भांग पाडते, मास्तरसुद्धा येऊन मिशी बघून जातात आणि या दोघी तेवढ्या तिकडे ढुंकून पाहत नाहीत. पण मधल्या भिंतीला एक भोक आहे. पलीकडे भांडं पडलं, खोकला आला, पाट सरकला की अलीकडे कळतं. दोघीही कामं करता करता त्या भोकाशी येतात आणि जातात.

दाजींनी ती भिंत पुठ्ठ्याची न करता प्लास्टरची केली आणि सुईने भोक पाडलं. आक्काने थोरलीला निळं लुगडं नेसवलं, तिचा एक हात भिंतीवर टेकवला, मान किंचित पुढे. आत्ता बोलेल अशी.

"मग?" आक्काने मला विचारलं. "बोलल्या का?"

"उद्या बोलतील," मी म्हटलं.

आता गोष्ट लांबवायची माझी जुनी खोड. ऐकणारा अडकलेला दिसला की मी दोरी आणखी सैल सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायच्या आधी आक्का माझ्या उशाशी.

"बोलल्या का रे?"

"थोरली भोकाशी आली होती, पण तेवढ्यात घड्याळजीकडची सगळी घड्याळं एकदम वाजली. त्या गोंगाटात काय बोलणार? उद्या."

तिसऱ्या दिवशी धाकटीला शिंक आली. चौथ्या दिवशी थोरलीने हाक मारायला तोंड उघडलं आणि पलीकडून मास्तरांचा आवाज आला, "पाय उचलून चाला." आक्का चिडायची, पाठीत धपाटा घालायची, "लबाडा, घरात खातोस आणि घरच्यांनाच झुलवतोस," म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. भाजी चिरता चिरता उठून टेबलाशी जाऊन छप्पर उचलून बघायची, जशा काही त्या आपल्या आपण बोलून मोकळ्या झाल्या असतील.

या नादात जाळायची गोष्ट आम्ही विसरलो होतो म्हणा, किंवा कुणी काढत नव्हतं म्हणा. ती काढली बाईंनी. उद्घाटन जवळ आलं म्हणून त्या काम बघायला आल्या आणि टेबलाशी येऊन थांबल्या. वाकून एकेका खिडकीत बघायला लागल्या. मी मास्तरांची गोष्ट सांगितली तशी त्या हसल्याही.

"आमच्या वडिलांसारखे आहेत," त्या म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या. "शनिवारी गाडी पाठवते, मिस्त्री. अंगणात पत्रा अंथरून ठेवलाय."

त्या दिवसापासून कारखान्यात कुणाचा पाय ठरेना. रंगारी कोरडा ब्रश घेऊन डब्यावर फिरवत बसे, झाकण न उघडता. दाजी एक कौल काढत, पुन्हा तेच लावत. आक्का यंत्रावर बसे, दोरा ओवी, आणि उठून जाई. मी बाहेर पानाच्या गादीपर्यंत जाऊन येई, आल्यावर आठवे की पान घ्यायचं राहिलं.

"नवीन गल्ली करा," आक्का दाजींना म्हणाली. "दुसरी. कुणी नसलेली. ती जाळा."

"कुणी नसलेली गल्ली जाळायला बॉम्ब कशाला लागतो?" दाजी म्हणाले.

"तुम्ही नेहमी तुमचंच खरं करता."

"मग काय करू? बाईंना सांगू का, की आमच्या मेहुण्यांनी सगळ्यांशी ओळख करून दिली, आता जाळवत नाही?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "त्यांना बोलू दे तरी आधी. तुझ्याच तोंडात आहे ते. दोन शब्द. सांगून टाक, बोलल्या म्हणून."

"शनिवारच्या आत सांगतो," मी म्हटलं. आणि मला वाटत होतं की सांगेन. चांगला प्रसंग जुळवत होतो. आरशात ऊन पडेल, कवडसा भोकातून आत जाईल, धाकटीच्या डोळ्यावर येईल, ती म्हणेल, कोण आहे पलीकडे? माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक थाप होणार होती ती.

शनिवारी गाडी अपेक्षेपेक्षा लवकर आली. ड्रायव्हर दारात भोंगा वाजवत उभा. आम्ही चौघांनी गल्ली उचलली, एखादी आजारी व्यक्ती न्यावी तशी धरली आणि सगळ्या रस्त्याभर मागे बसून खड्डा आला की हाताने उचलून धरत नेली. कुठे न्यायची आहे ते ठाऊक असूनही.

संग्रहालयाच्या मागच्या अंगणात विटांच्या कठड्यात पत्रा होता, त्यावर गल्ली ठेवली. बाई पायऱ्यांवर उभ्या. रंगाऱ्याने जुना रंग जाळायचा दिवा पेटवून दाजींच्या हातात दिला. पण कुठलंही काम हातावेगळं करण्याआधी एकदा आतून तपासायचं, ही दाजींची दुसरी रीत. त्यांनी दिवा खाली ठेवला आणि एकेक छप्पर उचलायला सुरुवात केली.

मास्तरांचा सज्जा रिकामा. पापडदारवाला घरात नाही. घड्याळजीच्या दुकानात घड्याळंच. घोरणारीचा बिछाना मोकळा. दाजी चारी छपरं हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिले.

"गल्ली उठून गेली कुठे?"

मग रंगाऱ्याने खिशातून पापडदारवाला काढला. "त्याला एक रंग सुचवायचा होता मला," तो म्हणाला. माझ्या टोपीत घड्याळजी होता, बहिरा असल्यामुळे त्याला भोंगा ऐकू आला नसता, असं मी सांगून पाहिलं, पण कुणी हसलं नाही. दाजींची नजर फिरत फिरत पायऱ्यांवर गेली. बाईंनी पर्स उघडली आणि मास्तरांना बाहेर काढलं.

"तुम्हीसुद्धा?" दाजी म्हणाले.

"त्या दिवशीच नेले होते," बाई म्हणाल्या. "माझ्या टेबलावर होते. फोनवर बोलताना मला ते उगाच सरळ बसायला लावत होते."

शेवटी दाजींनी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि घोरणारी बाई काढली. तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"हे नाही चालायचं," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "बॉम्ब पडला तिथे वरून हात घालून आपल्या आवडीचं माणूस उचलायची कुणाला सोय नव्हती. ठेवा सगळे जिथल्या तिथे."

एकेकाने वाकून आपापलं माणूस परत ठेवलं. बाईंनी मास्तरांना सज्ज्यात ठेवलं ते तिरके बसले, तर त्यांनी पुन्हा उचलून सरळ केले.

उरली थोरली जाऊ. तिचं छप्पर उचललं तर भिंतीशी कुणी नव्हतं. पलीकडे धाकटी मात्र होती, तिच्या बाजूने भोकाला कान लावून.

आक्काची मूठ पदराखाली होती.

"अगं, दे," दाजी म्हणाले.

"आधी हा सांगू दे." ती माझ्याकडे वळली. "सांग. मग ठेवते. बोलल्या ना?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कवडसा तयार होता, आरसा तयार होता. मी घसा खाकरला. तेवढ्यात माझी नजर आक्कावरून उघड्या दारातून आत, दालनात गेली. तिथे भिंतीवर फोटो लावायचं काम चाललं होतं. एक माणूस शिडीवर चढून खिळा ठोकत होता, आणि खाली टेकवून ठेवलेल्या फोटोत मैलभर नुसतं सपाट होतं, मधे कुठे कुठे एखादी भिंत. त्या सपाटात कुणाकुणाचं काय काय उद्यावर राहिलं होतं, हे काही मला ठाऊक नव्हतं. मला फक्त या दोघींचं ठाऊक होतं.

"सांग ना रे," आक्का म्हणाली.

"आक्का," मी म्हटलं, "उद्या बोलणार होत्या."

माझं तोंड एवढ्यावरच मिटलं. आक्का माझ्याकडे बघत राहिली, आता धपाटा घालेल असं मला वाटलं. घातला असता तर बरं झालं असतं. तिने मूठ उघडली, थोरलीच्या लुगड्याची निरी बोटाने सारखी केली आणि तिला भिंतीशी ठेवलं. हात भिंतीवर, मान पुढे. छप्पर तिनेच लावलं.

दाजींनी दिवा उचलून वर धरला. वरूनच, बाजूने नाही. पुठ्ठा आधी तपकिरी झाला, मग सगळीकडून एकदम पेटला. सरसामुळे तडतड आवाज येत होता. चहा ओतून होईल इतक्यात सगळं आटोपलं. एवढ्या दिवसांचं काम, पण त्याला काही वेळ लागला नाही. दाजींच्या हातात दिवा तसाच चालू राहिला होता, तो रंगाऱ्याने काढून घेऊन विझवला.

राख निवल्यावर पाहिलं तर प्लास्टरची ती एक भिंत उभी होती. काळी, भोकासकट. दोन्ही बाजूंना काही नव्हतं.

प्रदर्शन सुरू झालं. मला दालनात यायचं काही कारण नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं, म्हणून रोज येत होतो. लोक मधल्या कठड्याशी थांबत, राखेकडे बघत आणि ही एकच भिंत कशी राहिली म्हणून एकमेकांना विचारत. मी पुढे होऊन सांगे. इथे मास्तर होते. हे दार पापडाएवढं. लोक हसत, मग हसताना राखेकडे लक्ष जाई आणि हसू अर्ध्यावर राही. एक गृहस्थ मला म्हणाले, "आजोबा, हे सगळं तुम्ही रचलेलं दिसतंय."

"अगदी रचलेलं," मी म्हटलं. "न रचलेले भिंतीवर आहेत."

आक्का येत नव्हती. यंत्रालाही हात लावत नव्हती. दाजी मधून मधून तिच्या टोकाला जाऊन यंत्राला तेल देऊन येत. मग एक दिवस दुपारी ती आली. कठड्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ भिंतीपाशी गेली, त्या सपाट फोटोसमोर, आणि डोळे बारीक करून एकेक कोपरा बघायला लागली. मी मागे जाऊन उभा राहिलो. फोटोत एका जागी एक भिंत उभी होती. तिने तिच्यावर बोट ठेवलं. काच होती, काचेवर ठसा उमटला.

"हिच्या अलीकडे कोण राहत होतं?"

"माहीत नाही, आक्का."

"आणि पलीकडे?"

"तेही नाही."

"असं कसं माहीत नाही? रिकाम्या खोक्यात माणसं भरतोस, आणि इथे खरी होती तर माहीत नाही?"

बाई जवळच होत्या. आक्काने त्यांनाही विचारलं. बाईंनी फोटोखालची पाटी वाचून दाखवली. बॉम्ब पडला तिथून ही जागा किती दूर, फोटो कुठल्या दिशेने काढला, एवढं लिहिलं होतं. भिंतीला लागून कोण राहत होतं ते लिहिलं नव्हतं.

"मग विचारा की त्यांना," आक्का म्हणाली. "ज्यांनी फोटो पाठवला त्यांना. कुणाला तरी ठाऊक असेल. शेजारी कुणीतरी उरलं असेल ना?"

"विचारते," बाई म्हणाल्या.

"कधी?"

बाईंच्या ओठांवर काय आलं होतं ते मला दिसलं. त्यांनी ते गिळलं.

"आत्ता," त्या म्हणाल्या, आणि आपल्या खोलीकडे वळल्या. आक्का त्यांच्यामागोमाग चालायला लागली, पदर खोचत.